ईमेलमधले टू, सीसी आणि बीसीसी म्हणजे काय?

व्हॉट्सअ‍ॅप आपण सराईतपणे वापरतो, पण ईमेल पाठवायची वेळ आली की अडखळतो. मी पहिल्या नोकरीसाठी एकच अर्ज बारा कंपन्यांना पाठवला आणि सगळे पत्ते 'टू'मध्येच टाकले. प्रत्येकाला बाकीचे अकरा पत्ते दिसले. उत्तर एकाचंही आलं नाही!

'टू'मध्ये ज्याच्याकडून उत्तर हवं, त्याचा पत्ता. ज्याला फक्त माहिती असावी, तो 'सीसी'त. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरवर कागदांमध्ये कार्बन पेपर घालून प्रत काढायचे, त्यावरून हे नाव पडलं. 'बीसीसी'तले पत्ते मात्र इतरांना दिसत नाहीत. जीमेल अ‍ॅपमध्ये 'टू'च्या ओळीतला छोटा बाण दाबला की हे दोन्ही रकाने उघडतात.

गणेश मंडळाच्या सगळ्या वर्गणीदारांना एकच निरोप द्यायचाय? 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता टाका, बाकी सगळे बीसीसीत. नोकरीचा अर्ज मात्र बीसीसीनेही नको, प्रत्येक कंपनीला वेगळा मेल करा. आणि हो, आधी बायोडेटा जोडा, मग मजकूर लिहा, पत्ता सगळ्यात शेवटी. म्हणजे चुकून 'सेंड' दाबलं तरी अर्धवट मेल जाणार नाही.