पबजी ते बीजीएमआय : एका परतलेल्या खेळाचा तहनामा

#थ्रेड

१/
२ जुलै २०२१. दहा महिन्यांपूर्वी बंदी आलेला एक खेळ त्या दिवशी मुंबई-पुण्यापासून हिंगोली जिल्ह्यातील हट्ट्यापर्यंतच्या मोबाइलवर अधिकृतपणे परतला. नाव बदललेले, रक्ताचा रंग हिरवा आणि अल्पवयीनांच्या वाटेवर पालकांच्या मोबाइल क्रमांकाची चौकी. हे सारे का बदलले, याचे उत्तर २०१८ ते २०२१ या काळाच्या इतिहासात सापडते.

२/
आरंभ आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीनपासून होतो. 'बॅटल रॉयल' या २००० सालच्या जपानी चित्रपटावरून त्याला कल्पना सुचली. शंभर जण विमानातून एका ओसाड बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात, सुरक्षित वर्तुळ आकसत जाते आणि शेवटी उरेल तो जिंकतो. दक्षिण कोरियाच्या ब्लूहोल कंपनीने मार्च २०१७ मध्ये हा खेळ संगणकावर आणला. त्यातील आठ किलोमीटर लांब-रुंद बेटाचे 'एरँगेल' हे नाव ग्रीनच्या मुलीच्या नावावरून घडले आहे.

३/
१९ मार्च २०१८ रोजी चीनच्या टेन्सेंट कंपनीच्या सहकार्याने त्याची मोबाइल आवृत्ती जगभर खुली झाली. भारतात जमीन आधीच नांगरलेली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेटचा दर कोसळला. वसमत तालुक्यातील हट्ट्यासारख्या गावांत महागडे गेमिंग संगणक कधी रुजलेच नव्हते. मधला टप्पा ओलांडून गाव थेट मोबाइलवर आले.

४/
खेळ फुकट होता, पण त्याचे खरे आकर्षण चौघांच्या पथकात होते. खेळताना एकमेकांशी बोलता येई. मराठवाड्यातून शिक्षणासाठी वा कामासाठी पुणे-औरंगाबादला गेलेला मित्र आणि गावात राहिलेला मित्र रात्री एकाच बेटावर उतरू शकत. पारावरची बैठक अशा रीतीने पडद्यावर भरू लागली. पालकांना मात्र त्यात फक्त बंदुकीचा आवाज ऐकू येत होता.

५/
२०१९ हे तक्रारींचे वर्ष ठरले. २९ जानेवारीला 'परीक्षा पे चर्चा' कार्यक्रमात एका आईने मुलाच्या ऑनलाइन खेळाची काळजी मांडताच पंतप्रधानांनी पबजीचे नाव घेतले. मुंबई उच्च न्यायालयात एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने बंदीची याचिका गेली. मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी मनाई आदेश काढला आणि खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली.

६/
त्याच महिन्यात हिंगोलीचे नाव देशभर गेले. १६ मार्च २०१९, शनिवारची संध्याकाळ. हिंगोलीतील खटकाळी बायपासजवळ रुळांलगत पबजी खेळण्यात गुंगलेल्या दोन तरुणांना हैदराबाद–अजमेर गाडीने चिरडले. दोघेही पंचविशीच्या आतले. मध्यरात्रीच्या सुमारास त्यांचे मृतदेह आढळले. जिल्ह्यातील घराघरांत या खेळाविषयीचे मत त्या रात्रीनंतर पूर्वीसारखे राहिले नाही.

७/
तरीही बंदी या तक्रारींमुळे आली नाही, ही बाब बहुतेकांच्या स्मरणातून निसटली आहे. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात भारत-चीन संघर्ष झाला. २९ जून रोजी ५९ अ‍ॅप बंद झाली. २ सप्टेंबर रोजी आणखी ११८ अ‍ॅपवर बंदी आली आणि त्या यादीत पबजी मोबाइल होते. आधार होता माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ चा; कारण देशाची सुरक्षा आणि सार्वभौमत्व. आई-बापांनी जे मागितले होते, ते सीमेवरच्या संघर्षाने दिले.

८/
योगायोग असा, की ८ सप्टेंबर २०२० रोजी, बंदीनंतर अवघ्या सहा दिवसांनी, खेळाचे १.० हे मोठे अद्यतन जगभर आले. एरँगेल नव्याने रचले गेले: खंदक, लाकडी अडथळे, सोडून दिलेले रणगाडे. खाण, तुरुंग, वीज केंद्र या जागांची रूपे पालटली. भारतात अ‍ॅप स्टोअरची दारे तोवर बंद झाली होती. ३० ऑक्टोबर २०२० रोजी सर्व्हरही थांबले. शाळा-महाविद्यालये करोनामुळे आधीच बंद होती. आता बैठकीची ही जागाही गेली.

९/
रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही. फ्री फायरला नवी गर्दी मिळाली. पन्नास खेळाडू, दहा मिनिटांच्या आसपासचा डाव आणि स्वस्त मोबाइलवरही चालण्याची सोय, या गोष्टी ग्रामीण भागाला मानवणाऱ्या होत्या. २६ जानेवारी २०२१ रोजी देशी म्हणून गाजावाजा झालेला 'फौजी' आला. त्याची पहिली मोहीम गलवानचीच होती. पण पबजीची जागा त्याला घेता आली नाही.

१०/
६ मे २०२१ रोजी क्राफ्टन या कोरियन कंपनीने 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' जाहीर केले. टेन्सेंटकडून भारतातील प्रकाशनाचे अधिकार आधीच काढून घेतले गेले होते. १७ जूनला चाचणी आवृत्ती आली, २ जुलैला अधिकृत. जुन्या खात्यातील पोशाख, पदके, हुद्दे नव्या खात्यात आणण्याची मुभा २०२१ अखेरपर्यंत होती. घर सोडताना भांडीकुंडी बरोबर घेता यावीत, तसे हे होते.

११/
परतलेल्या खेळाडूची पहिली अडचण मात्र सामानाची नव्हती. पोचिंकीतील कोणत्या घरात शिरावे, कोणत्या टेकडीवरून रस्ता दिसतो, हे ज्ञान त्याने शेकडो डावांतून कमावले होते. बंदी येताच खेळ सोडलेल्यास नवे एरँगेल प्रथमच दिसत होते. गाव तेच, वाटा वेगळ्या. जुना वाटाड्या आता वाट विचारू लागला, तर दरम्यान कोरियन आवृत्ती मिळवून खेळत राहिलेले पुढे निघून गेले होते.

१२/
नियमांतील बदल तहाच्या कलमांसारखे वाचावेत. प्रत्येक कलमामागे एक जुनी तक्रार उभी दिसते.
▪️ हिंसेची तक्रार: लाल रक्ताऐवजी हिरवे, 'किल'ऐवजी 'फिनिश', हे जग आभासी आहे अशी सूचना.
▪️ व्यसनाची तक्रार: अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास.
▪️ पैशांची तक्रार: दिवसाला ७००० रुपयांची खर्चमर्यादा.
▪️ पालकांची तक्रार: त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी.
▪️ सरकारची तक्रार: माहिती भारत आणि सिंगापूर येथील सर्व्हरवर.

१३/
तहाची भाषा हिंगोलीला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात येथे निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्या फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. वऱ्हाडच्या रयतेला कोणी विचारले नाही. तहात काय लिहिले आहे यावरून बैठकीला कोण होते ते कळते. जे लिहिलेले नाही, त्यावरून कोण नव्हते तेही कळते.

१४/
२०२१ च्या कलमांत सरकार दिसते, कंपनी दिसते, पालक ओटीपीपुरते दिसतात. रुळांच्या कडेला बसलेला तरुण कोठेही दिसत नाही. हिंगोलीतील मृत्यू रक्ताच्या रंगामुळे झाले नव्हते. ते दोघे अल्पवयीनही नव्हते, म्हणजे तीन तासांचे कलम त्यांना लागूच झाले नसते. आणि जेथे सारे घर एकच स्मार्टफोन वापरते, तेथे पालकांचा ओटीपी मुलाच्याच हातात येऊन पडतो. कलमे लिहिताना शहरातील घर डोळ्यांसमोर होते, असे मानण्यास जागा आहे.

१५/
हा तहही टिकला नाही. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी फ्री फायर बंद झाले. बीजीएमआयची मोठी स्पर्धा त्या वर्षी स्टार स्पोर्ट्सवर दाखवली गेली. ती १७ जुलैला संपली आणि २८ जुलैला खेळच अ‍ॅप स्टोअरवरून हटला. ज्या तरुणाने घरच्यांना दूरदर्शन संचावर हा सामना दाखवून 'यातही करिअर आहे' असे पटवले असेल, त्याचा युक्तिवाद अकरा दिवसांत कोसळला.

१६/
दुसरे पुनरागमन मे २०२३ मधले. सरकारने तीन महिन्यांची चाचणी परवानगी दिली आणि २९ मे रोजी खेळ पुन्हा सुरू झाला. सोबत 'नुसा' हे अवघे एक किलोमीटर लांब-रुंद नवे बेट होते. या वेळी अल्पवयीनांना तीन तास आणि इतरांना सहा तास अशी मर्यादा आली. प्रौढ खेळाडूचाही विचार करणारे कलम अखेर लिहिले गेले. खटकाळी बायपासच्या घटनेनंतर चार वर्षे उलटली होती.

१७/
अद्यतन म्हणजे नवे नकाशे आणि नव्या बंदुका, असे खेळाडू मानतो. प्रत्यक्षात या खेळाची प्रत्येक नवी आवृत्ती सरकार, कंपनी आणि कुटुंब यांच्यातील ओढाताणीचा दस्तऐवज आहे. हट्ट्यातील एखादा तरुण आज पुन्हा एरँगेलवर उतरतो, तेव्हा त्याच्या पायाखाली गलवान असते, राजकोटचा आदेश असतो, कुणा आईची तक्रार असते. हिंगोलीच्या रुळांची नोंद मात्र त्या नकाशावर नाही. ती जिल्ह्याने स्वतःच जपायची आहे.

(समाप्त)