आईच्या तांब्यातले पाणी

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचे गाव आहे. १७२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात येथे निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला आणि दख्खनेत निजामाची सत्ता स्थिर झाली. विजयाची खूण म्हणून निजामाने गावाला फत्तेखेर्डा हे नाव दिले. लोकांनी मात्र जुनेच नाव जपले. या एका लढाईमुळे गाव इतिहासात गेले. त्या काळी येथील गरोदर स्त्रिया कोणत्या विहिरीचे पाणी पीत, त्यांची किती बाळे वाचली, असल्या गोष्टींना बखरीत जागा नसे. तो इतिहास फार उशिरा लिहिला गेला. आणि त्याचे एक मोठे पान आपल्या राजधानीत घडले.

१९५५ साली यमुनेला पूर आला. पूर ओसरताना नदीने पात्र बदलले आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथे, जेथून दिल्लीसाठी पाणी उचलले जाई, तेथे शिरले. अधिकाऱ्यांनी क्लोरीनची मात्रा वाढविली. त्यामुळे विषमज्वराची साथ टळली. परंतु डिसेंबरात काविळीने शहराला घेरले. काही आठवड्यांत सुमारे २९,००० लोकांना ती झाली. बहुतेक जण बरे झाले. गरोदर स्त्रिया मात्र इतरांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात दगावल्या.

त्या साथीतील रुग्णांचे रक्तद्रव जपून ठेवलेले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्याची नव्याने तपासणी केली आणि ही ‘अ’ किंवा ‘ब’ प्रकारची कावीळ नव्हे, असे १९८० साली जाहीर केले. पुढे १९८३ साली तो विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. आज त्या रोगाला ‘ई’ प्रकारची कावीळ म्हणतात. मैला मिसळलेल्या पाण्यातून ती पसरते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाल्यास काही साथींत शंभरातल्या वीस मातांपर्यंत मृत्यू झालेले आहेत. गर्भपात होतो, मूल मृत जन्मते वा अपुऱ्या दिवसांचे होते. कधी विषाणू आईकडून बाळात उतरतो आणि ते नवजात काविळीने आजारी पडते.

हे सारे दूरचे समजू नये. २०१२ साली पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत याच काविळीची साथ आली होती. जेथे विहिरीशेजारी शौचखड्डा आहे आणि नळाची फुटकी वाहिनी गटारातून जाते, तेथे धोका आहेच. पाणी खळखळून उकळले की हा विषाणू मरतो. नायट्रेटचे तसे नाही. खते व मैला यांतून ते विहिरीत झिरपते. अशा पाण्यात कालविलेल्या दुधाने तान्ही बाळे निळी पडतात, हे अमेरिकेतील डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी १९४५ साली दाखविले. उकळल्याने नायट्रेट उलट दाट होते. तेथे विहीरच बदलावी लागते. म्हणून पाण्याची तपासणी हवी.

आम्ही धर्मगुरू स्नानसंस्कारात बाळाच्या मस्तकावर पाणी ओततो. त्याआधी नऊ महिने ते बाळ आईने प्यालेल्या पाण्यावर वाढलेले असते. एक पाणी पवित्र आणि दुसऱ्याची चौकशीही नाही, हे आम्हांला शोभत नाही. शुद्ध पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बजावले आहे. शोमरोनी स्त्रीजवळ प्रभूनेही विहिरीवर प्यायला पाणीच मागितले होते.

तेव्हा वाचकहो, घरात सून वा लेक गरोदर असेल तर डोहाळजेवणाच्या ताटाआधी तिच्या तांब्यातले पाणी पाहा. ते उकळून, झाकून ठेवा. गावच्या विहिरीची तपासणी ग्रामपंचायतीकडे मागा. लढाया जिंकणाऱ्यांची नावे गावांनी टाकून दिली. वाचलेले बाळ मात्र गावात आपले नाव घेऊन वाढते.