दीड वाजला, दोन वाजले

येडशी गावाच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या कुणालाही किती वाजले म्हणून विचारावं. तो खिशातला मोबाइल काढून सांगेल, "दीड वाजला." पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारलं तर "पावणेदोन वाजले." दीडपर्यंत एकवचन, पावणेदोनपासून अनेकवचन. हे कुठल्या मास्तरांनी शिकवलेलं नसतं, तरी चुकत कुणी नाही. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे त्या मोबाइलमधून काहीच वाजलेलं नसतं.

भिंतीवरची जुनी लंबकाची घड्याळं वाजत, पण त्यांतलंही एखादं दीडला दीड टोले देत नसे. त्यांतली बरीच अर्ध्या तासाला एकच टोला देत. त्यामुळे साडेबाराला एक, एकला एक आणि दीडलाही एकच. रात्री मध्येच जाग आलेल्या माणसाला एवढा एक टोला ऐकून काही उमगायचं नाही. ही तक्रार भिंतीवरच्या घड्याळापेक्षा फार जुनी आहे. बाबरानं 'बाबरनामा'त हिंदुस्थानातल्या घडियालींचं वर्णन केलं आहे. पाणी भरणाऱ्या भांड्यावर नजर ठेवायची आणि घटका भरली की टांगलेल्या जाड पितळी थाळीवर ठोके द्यायचे, हे त्यांचं काम. थाळी दोन बोटं जाड असे. प्रत्येक प्रहरात घटकांची मोजणी नव्यानं सुरू व्हायची. त्यामुळे झोपेतून उठलेल्याला तीन ठोके ऐकू आले, तरी ते दुसऱ्या प्रहरातले की तिसऱ्या, हे कळायचं नाही. म्हणून घटकांच्या ठोक्यांनंतर थोडं थांबून प्रहराचेही ठोके द्यावेत, असा हुकूम बाबरानं काढला.

ती थाळी म्हणजेच घडियाल. आपलं 'घड्याळ' हे आधी त्या थाळीचं नाव होतं, यंत्राला ते मागाहून चिकटलं. 'तास'ची गोष्ट तशीच. अरबी-फारसीत तास म्हणजे धातूचं भांडं. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ ठोके द्यायची काशाची थाळी असा झाला आणि मग दोन ठोक्यांमधला वेळ म्हणजे तास. फिरोजशहा तुघलकाच्या दिल्लीतल्या पाण्याच्या घड्याळालाही 'तास-इ-घडियाल' असंच नाव होतं. इंग्रजांचंही फार वेगळं नाही. ते ज्याला 'क्लॉक' म्हणतात, तो शब्द मुळात घंटेचा. फरक एवढाच की इंग्रजी वाक्यात आता घंटा उरलेली नाही, तिथे काटा एखाद्या आकड्याच्या पुढे गेलेला असतो किंवा अलीकडे राहिलेला असतो. आपल्याकडे मात्र घंटा क्रियापदातच बसली आहे. सहा वाजता, सहा वाजून दहा मिनिटांनी, सहा वाजायला पाच कमी. घरातल्या बहुतेक घड्याळांनी कधीच तोंड मिटलं, मराठी वाक्य मात्र वाजतंच आहे.

थाळीच्याही आधी होतं ते पाणी. तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. अशा 60 घटका म्हणजे दिवसरात्र. घटकेचा साठावा भाग म्हणजे पळ, 24 सेकंदांचं. साडेसात घटकांचा एक प्रहर, असे आठ. आता हा हिशेब कुणी ठेवत नाही, पण "घटकाभर टेक की" असं आपण रोज म्हणतो आणि त्या घटकेत चहा आणि दोन घरच्या चौकशा सहज उरकतात. कुणाचे दिवस संपत आले की त्याची घटका भरली म्हणतात. तिथेही भरते ती तीच वाटी.

आता त्या दीडकडे वळू. पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे ही मंडळी घड्याळासाठी जन्मलेली नाहीत. ती धान्याच्या मापात, कापडाच्या गजात, व्याजाच्या हिशेबात वाढली. पाऊण म्हणजे पाव उणा, सव्वा म्हणजे पावासकट, साडे म्हणजे अर्ध्यासकट. दीड आणि अडीच यांची घडण जरा तिरपी आहे. दीड म्हणजे ज्यातला दुसरा अर्धाच आहे असं, अडीच म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे असं. त्याच चालीनं साडेतीनाला 'औट' होता, म्हणजे चौथा अर्धा. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी यांच्यानंतर पोरं औटकी घोकत. पण यंत्राचं घड्याळ घरोघर पोचेपर्यंत औट पाठांतरापुरता उरला होता, त्यामुळे 'औट वाजले' असं कुणीच म्हटलं नाही. तो टिकला तो औट घटकेच्या राज्यात. साडेतीन घटका म्हणजे 84 मिनिटं. एखाद्याच्या सत्तेची मुदत इतक्या काटेकोरपणे सांगणारी दुसरी म्हण मला तरी आठवत नाही.

येडशीच्या आसपास याहूनही जुना एक थर आहे, ज्यात काहीच वाजत नाही, सगळं दिसतं. घाटात रामलिंगाचं देऊळ आहे. रावणाशी झुंजलेला जटायू इथेच पडला, अशी तिथली आख्यायिका. भोवती जंगल आणि पलीकडे शेतं. शेतात गेलेल्या माणसाला थाळी ऐकू येणार कुठून? त्याला दिवस कासराभर वर आलेला दिसतो, म्हणजे बैलाच्या दोराएवढा. मग दिवस डोक्यावर येतो, कलतो, कडूसं पडतं, दिवेलागण होते. लवकर निघायचं तर येरवाळी. लग्नपत्रिकेत हे दोन्ही थर एका ओळीत बसतात. गोरज मुहूर्त, म्हणजे घरी परतणाऱ्या गाईंच्या पायांची धूळ उडते ती वेळ, आणि तिच्यापुढे सायंकाळी 6 वाजून 35 मिनिटं. गाई नसतात, धूळ मांडवाच्या वाटेची असते आणि अक्षता पडतात सव्वासातला.

दिवसाच्या या तुकड्यांत इंग्रजी शिकणाऱ्या पोराची दमछाक होते. सकाळ, रात्र आणि सोमवार यांना तीन वेगवेगळे शब्दयोगी लावायचे. आपल्याकडे सकाळी, रात्री, सोमवारी, एकाच ईकारात काम भागतं. पण मध्यरात्रीचा ठोका पडला की इंग्रज 'मॉर्निंग' म्हणायला मोकळा, रात्री एकलासुद्धा. मराठीत पहाटेचा एक कधी वाजत नाही. तीनचं मात्र नक्की नाही. जागरणाला बसलेल्याचे ते रात्रीचे तीन, शेतात पाण्याची दारं धरायला उठलेल्याचे पहाटेचे तीन.

मग रूळ आले. एव्हरार्ड कालथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये बार्शीला पोचली आणि पुढे निजामाच्या मुलखात शिरून येडशीवरून 1911 मध्ये लातूरला गेली. ती अरुंद लाइन रुंद होईपर्यंत जवळजवळ शंभर वर्षं चालली. गाडीनं वेळेच्या बोलण्याला 'ची' लावली. सहाची गेली का? दहाची चुकली. इथे वेळ दिसतही नाही, वाजतही नाही, ती धरायची किंवा हुकायची असते. एसटीनं ती 'ची' गावोगाव नेली आणि तिच्यात एक अशी भर घातली, जिला आकडाच लागत नाही, ती म्हणजे मुक्कामाची. रात्री गावात येऊन थांबायचं आणि दिवस उगवायच्या आत निघायचं, हे तिचं वेळापत्रक. मुक्कामाच्या गाडीनं ये म्हटलं की वेळ रात्रीची, मुक्कामाच्या गाडीनं जा म्हटलं की पहाटेची.