सामायिक कोठार, दुहेरी वाटा

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत मेनार्ड गांवीं लोंकरीची एक जुनी गिरणी होती. तिच्यांत १९५७ सालीं डिजिटल इक्विपमेंट ही संगणकांची कंपनी सुरू झाली. पंचवीसएक वर्षांनीं तिच्यापुढें एक अवघड प्रश्न आला. तबकड्या एकाच संगणकाच्या मालकीच्या असल्या कीं, तो बंद पडतांच त्यांवरील साऱ्या नोंदी कुलुपांत पडत. मग अनेक संगणकांना तबकड्यांचें एकच सामायिक कोठार कसें द्यावें ?

१९८३ सालीं जाहीर झालेली ‘व्हॅक्सक्लस्टर’ ही रचना याचें उत्तर होय. संगणक आणि तबकड्या सांभाळणारीं यंत्रें मिळून सोळापर्यंत घटक एका मध्यवर्ती जोडपेटीला केबलींनीं जोडीत. या पेटीला स्वतःची वीजच लागत नसे. म्हणून ती बिघडण्याची भीतीहि थोडी. विशेष हा कीं, प्रत्येक घटकाला एक नव्हे, दोन वाटा होत्या. प्रत्येक वाटेनें सेकंदाला शून्य-एकाच्या सात कोटि खुणा जाऊं शकत. एक वाट तुटली तर निरोप आपोआप दुसरीनें जाई.

परंतु दुसरी वाट मिळाल्यानें काळजी संपत नाहीं. शेजारचें यंत्र उत्तर देईनासें झालें, तर तें बंद पडलें कीं मधली वाट तुटली, हें त्याच्या मौनावरून कसें कळावें ? समजा, समूहाचे दोन तुकडे पडले आणि ‘दुसरा मेला’ असें धरून दोघेहि एकाच तबकडीवर लिहूं लागले. पेढीच्या खातेवहींत दोन कारकुनांनीं एकमेकांस न पुसतां एकाच पानावर खोडाखोड करावी, तसा तो प्रकार होईल. आणि ही नासाडी मागाहून निस्तरत नाहीं. म्हणून यंत्रांना मतें दिलीं गेलीं. ज्या तुकड्याकडे बहुमत, त्यानेंच काम करावें. दुसऱ्यानें हात आवरून स्वस्थ बसावें. काम थांबलें तरी चालेल, पण नोंद नासतां कामा नये, हा निर्णय खरोखर शहाणपणाचा होता.

पुढें सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत सेज वाइल व त्यांचे सहकारी यांनीं ‘सेफ’ ही साठवणपद्धति रचली. तिच्यावरील निबंध २००६ सालीं प्रसिद्ध झाला. येथें तबकड्या सामायिक नाहींत. एकाच मजकुराच्या प्रती, बहुधा तीन, निरनिराळ्या यंत्रांवर ठेवतात. गिऱ्हाइकानें मजकूर एकदां दिला कीं, त्याच्या उरलेल्या प्रती आपसांत पोंचविण्याचें काम यंत्रांकडे येतें. एखादी तबकडी गेली म्हणजे तर नव्या प्रतींची एकच धांवपळ उडते. या गर्दींत गिऱ्हाइकें अडकूं नयेत, म्हणून मोठ्या समूहांत बाहेरचें जाळें निराळें आणि आंतलें निराळें ठेवण्याची सोय आहे.

मौनाचें जुनें कोडें मात्र येथें उलटें होऊन पुढें येतें. आंतलें जाळें बिघडलें आणि बाहेरचें शाबूत राहिलें, तर शेजारी देखरेख्या यंत्राला कळवितात, ‘हा गेला.’ तोच बाहेरच्या वाटेनें तें यंत्र स्वतः सांगतें, ‘मी जिवंत आहें.’ नांव खोडलें जातें, पुन्हां चढतें, पुन्हां खोडलें जातें. अशा वेळीं व्यवस्थापकाला तात्पुरती आज्ञा द्यावी लागते कीं, कोणाचें नांव खोडूं नये आणि कोणाचें चढवूंहि नये. मग तो बिघडलेला दुवा शोधावयास निघतो.