बंगळूरचा एक पाहुणा

परदेशी विद्वानास कांहीं महिने बोलावून त्याच्या सहवासांत आपल्या तरुणांना संशोधनास लावावें, ही रीत आज विद्यापीठांच्या अंगवळणीं पडली आहे. तिचें मोल व तिचे कांटे दोन्ही पाहावयाचे तर 1935 च्या बंगळूरकडे वळावें. जमशेटजी टाटांच्या दानांतून 1909 मध्यें उभ्या राहिलेल्या तेथील विज्ञानसंस्थेचे रामन हे 1933 पासून पहिले हिंदी संचालक होते. त्याच वर्षीं केवळ ज्यू म्हणून गॉटिंगेनचें प्राध्यापकपद गमावलेले माक्स बॉर्न केंब्रिजला मुदतीच्या जागेवर दिवस काढीत होते. रामन यांनीं त्यांना सुमारें सहा महिन्यांकरितां बोलाविलें.

तेथें बॉर्न यांनीं नागेंद्र नाथ या तरुणासह प्रकाशाच्या न्यूट्रिनो-उपपत्तीवर निबंध लिहिला. उपपत्ति पुढें टिकली नाहीं. पण अशा भेटींचें मोजमाप टिकलेल्या सिद्धान्तांवरूनच करणें मला तरी पटत नाहीं.

रामन यांना हा पाहुणा कायमचा हवा होता. त्यांनीं त्याच्यासाठीं अध्यासन सुचविलें. बॉर्न आपल्या आठवणींत सांगतात कीं, सभेंत एक इंग्रज प्राध्यापक उठले आणि स्वदेशांतून हांकललेला हा दुय्यम प्रतीचा परका आपणांस नको, असें त्यांच्या देखतच म्हणाले. घरीं परतल्यावर बॉर्न यांना रडूं आवरलें नाहीं.

अध्यासन झालें नाहीं. 1936 मध्यें एडिंबरोनें बॉर्न यांना प्राध्यापक नेमलें; 1937 मध्यें रामन यांनाच संचालकपद सोडावें लागलें. बॉर्न यांना नोबेल पारितोषिक मिळालें 1954 मध्यें. आणि तें मुख्यतः ज्या कामासाठीं मिळालें, तें 1926 मध्यें, म्हणजे त्या सभेच्या कितीतरी आधीं, छापून प्रसिद्ध झालेलें होतें.