मैदानाविना मोहीम

भंडारा जिल्ह्यांतील एकोडी हें धानाच्या मुलुखांतलें गांव. अशा गांवीं धान निघालें कीं मोकळ्या बांधींत हुतुतू मांडला जातो. खेळणारे गांवचे, पाहणारेही गांवचेच, आणि हरलेल्याला दुसरे दिवशीं पाणवठ्यावर बोल ऐकावे लागतात. अमेरिकेंतील कॉलेजांचा फुटबॉल हा मुळांत अशाच ओळखीच्या माणसांपुढें वाढलेला खेळ आहे.

६ नोव्हेंबर १८६९ रोजीं न्यू ब्रन्सविक येथें रटगर्सच्या पंचवीस विद्यार्थ्यांनीं प्रिन्स्टनच्या पंचवीसांवर सहास चार अशी मात केली. त्या दिवशीं चेंडू हातांत धरून पळण्यास मनाई होती. पुढें येलच्या वॉल्टर कँपनें खेळाचें रूपच पालटलें. १८८० सालीं एका बाजूचे गडी अकरा झाले. १८८२ त, तीन प्रयत्नांत पांच यार्ड पुढें न सरकणाऱ्यानें चेंडू सोडावा, असा नियम आला. आज चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकावें लागतें. नांव पायाचें, काम मात्र हातांचें व खांद्यांचें! हुतुतू खेळलेल्या वाचकांस या झोंबाझोंबीची गोडी सहज कळेल. फरक इतकाच कीं, हुतुतूंतल्या गड्यास दम राखून परत यावयाचें असतें. येथें चेंडू घेऊन गेलेल्यास परत यावयाचेंच नसतें. हा धसमुसळेपणा इतका वाढला कीं १९०५ सालीं कित्येक तरुण प्राणांस मुकले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींस बोलावून समज दिली, आणि १९०६ पासून चेंडू पुढें फेकण्याची मुभा मिळाली. खेळ बुडाला नाहीं. प्रत्येक कॉलेजामागें एक गांव उभें होतें, हें त्याचें कारण मला दिसतें.

हाच खेळ २०१२ सालीं ‘एलीट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ या नांवानें आपल्याकडे आला. संघांत ‘मुंबई ग्लॅडिएटर्स’ होते, तसेच ‘पुणे मराठाज’ही होते. गडी बहुतेक दुसऱ्या खेळांतून आलेले. हा खेळ त्यांनीं नव्यानेंच शिकून घेतला. पण त्या हंगामाचे सामने झाले ते कोलंबोस! त्यांचें चित्रण करून मग तें दूरचित्रवाणीवर दाखविण्यांत आलें. अंतिम सामन्यांत पुणेंकरांनीं ‘दिल्ली डिफेंडर्स’चा सहा-शून्य असा पराभव करून अजिंक्यपद मिळविलें. चेंडू एकदां शेवटच्या रेषेपार नेला कीं सहा गुण मिळतात. एवढ्याशा अंतरानें पहिलें अजिंक्यपद ठरलें.

मराठ्यांचें नांव घेऊन समुद्रापार गेलेल्या या संघानें दिल्लीवर मिळविलेला विजय आज किती घरांत ठाऊक आहे? १७६१ चा पराभव मात्र आपल्याकडे पोरासोरांसही ठाऊक असतो. या गड्यांच्या मेहनतीस मी उणें म्हणत नाहीं. नव्या खेळाचे डाव बसवावयाचे, परक्या मुलुखांत जाऊन अंग ठेचून घ्यावयाचें, ही साधी गोष्ट नव्हे. पण शनिवारवाड्याच्या गांवाचें नांव मिरविणाऱ्या त्या संघाचा त्या हंगामांतील एकही सामना पुण्यांत झाला नाहीं. चेंडू घेऊन गडी रेषेपार पोंचला, तेव्हां त्याला खांद्यावर घेण्यास आळींतलें कोणी तेथें नव्हतें. आणि हरला असता, तर पाणवठ्यावर त्याला बोल लावण्यासही कोणी नव्हतें.