कार्यक्षमतेचे माप

एखादा कारखाना कार्यक्षम आहे की नाही, हे कशावरून ठरवावयाचे? प्रश्न हिशेबनिसाचा दिसतो खरा. परंतु तो औषधांच्या कारखान्याविषयी विचारला, की त्याचे उत्तर केवळ खतावणीत सापडत नाही, असे आम्हांस वाटते. इतिहासाची साक्षही तशीच आहे.

आरंभ प्लेगपासून करू. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. मागणी वाढली, तसा उत्पादनाचा वेगही वाढवावा लागला. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. निर्जंतुकीकरणाची कार्बॉलिक आम्लाची रीत सोडून उष्णतेची रीत पत्करली, म्हणून सारा दोष हाफकिनांच्या माथी बसला. पुढे १९०७ साली ते निर्दोष ठरले. बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता, ही गोष्ट तोवर मागेच राहिली होती. कारखान्याचे माप कारखान्याच्या फाटकाशी संपत नाही, हा यातला पहिला धडा.

दुसरा धडा पिंपरीचा. हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक डॉ. साहिबसिंग सोखी यांचा आग्रह होता, की औषधे देशातच झाली पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्या वेळी आपला बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. मुंबई राज्यात तो आला १९५६ साली.

पेनिसिलिनच्या कारखान्यात तंत्रज्ञाचे माप युनिटांचे असते. फ्लेमिंगच्या मूळ बुरशीपासून दर मिलिलिटर द्रवात जेमतेम दोन युनिटे मिळत. महायुद्धकाळात अमेरिकेतील पिओरिया येथे एका खरबुजावर दुसरी बुरशी सापडली. तिच्या सुधारलेल्या वंशाने हा आकडा हजाराच्या घरात नेला. पण आकडा वाढला म्हणजे काम संपले असे नव्हे. टाकीत एखादा परका जंतू शिरला, तर तो पेनिसिलिनचा नाश करणारे द्रव्य सोडतो आणि सारी टाकी वाया जाते. म्हणून बुरशी किती देते, द्रवातून प्रत्यक्ष किती हाती लागते आणि किती टाक्या फुकट जातात, ही तिन्ही मापे एकत्र घ्यावी लागतात.

हिशेबनिसाचे माप निराळे. किमतींवर सरकारचे नियंत्रण आणि बाहेरच्या स्वस्त मालाची स्पर्धा, अशा कात्रीत हा कारखाना सापडला. १९९७ साली त्याचे प्रकरण आजारी उद्योगांच्या मंडळापुढे गेले. मूळ पेनिसिलिन पुढे मुख्यतः चीनमधून येऊ लागले. खतावणीच्या दृष्टीने आयात किफायतशीर होती. पण २०२० साली सरकारलाच पेनिसिलिन जी देशात व्हावे म्हणून प्रोत्साहन योजना आखावी लागली. तोट्यातल्या कारखान्याची स्तुती करण्याचा आमचा हेतू नाही; तोटा कोणी तरी भरतोच. मात्र ज्या किफायतीत परावलंबनाची किंमत धरलेली नाही, ती अपुरी किफायत होय.

आता तिसरे माप, आणि ते आपल्या दारचे आहे. संधिवाताच्या तापाने मुलाच्या हृदयाच्या झडपा बिघडू नयेत, म्हणून त्याला दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षे द्यावी लागते. बीडची ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळी उलटली की बिऱ्हाड बांधून कारखान्यांच्या फडांवर जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. मूल फडावर आणि त्याचा केसपेपर गावच्या दवाखान्यात, अशी स्थिती झाली, तर पिंपरीचे हजारो युनिटांचे यश त्या मुलापुरते शून्य. १९७४ साली अंबाजोगाईस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्यामागची निकड हीच होती.

सारांश, तंत्रज्ञाचे माप टाळू नये, हिशेबनिसाचे लपवू नये. परंतु रोग्याचे माप सर्वांत शेवटी नव्हे, सर्वांत आधी घ्यावे. मुलकोवालच्या बाटलीने आणि फडावरच्या मुलाने आपल्याला एकच सांगितले आहे : औषधाची कार्यक्षमता शेवटच्या सुईपाशी मोजली जाते.